नदीचा नकाशा कुणाला विचारून काढायचा?



नोकरीला लागून मला चार-पाच वर्षे झाली होती, तेव्हाची गोष्ट. डोंगरातल्या एका आदिवासी पाड्यावर नाल्याला सिमेंटचा बंधारा घालायचा होता. मी तालुक्याहून गावनकाशा नेला होता. तो जमिनीवर पसरला, चारी कोपऱ्यांवर दगड ठेवले आणि नाल्याच्या रेघेवर बोट ठेवून जागा ठरवली. शेजारी एक आजीबाई लाकडांची मोळी उतरवून बसल्या होत्या. त्यांनी विचारले, "साहेब, यात आमचा झरा कुठे हाय?"

मी नकाशा पाहिला. झरा त्यात नव्हता. "एवढ्या बारीक गोष्टी नकाशात नसतात, आजी," असे सांगून मी मोकळा झालो. बंधारा ठरल्या जागीच झाला. दुसऱ्याच पावसाळ्यात तो गाळाने भरला आणि झरा गाळाखाली गेला. चैत्र-वैशाखात पाड्यातल्या बाया त्याच झऱ्यावर हंडे भरत असत. त्यांना पुढे उन्हाळाभर दूरच्या डोहावर जावे लागले. चूक माझी होती. गाळ कोणत्या उघड्या डोंगरावरून येतो हेही त्या आजींना ठाऊक होते. मी विचारलेच नाही.

ही आठवण आज निघाली, कारण अशीच चूक एका मोठ्या नदीवर शंभराहून अधिक वर्षे होत राहिली आणि आता ती दुरुस्त करण्याचे काम चालू आहे. नदीचे नाव क्लॅमथ. ती अमेरिकेत आहे. तुम्ही म्हणाल, तिकडच्या नदीशी आपला काय संबंध? पण मंडळी, या गोष्टीत कालव्यावरचे शेतकरी आहेत, धरणे आहेत, आदिवासी आहेत आणि पाण्यावरून भांडण आहे. म्हणजे सगळी आपल्या ओळखीचीच माणसे.

उलटी नदी

क्लॅमथ नदी ऑरेगन राज्याच्या दक्षिणेला एका विस्तीर्ण, उथळ सरोवराच्या परिसरात सुरू होते. तिथून ती कॅलिफोर्निया राज्याच्या उत्तर भागात शिरते आणि डोंगर-जंगलांतून वाट काढत पॅसिफिक महासागराला मिळते. लांबी चारशे किलोमीटरहून थोडी जास्त. आपल्या नद्या डोंगरात जन्मतात आणि खाली सपाटीला येतात. ही नदी उलटी. तिचा माथा सपाट, पाणथळ आणि आज शेतीचा आहे, तर खालचे अंग डोंगराळ आणि जंगलाचे आहे.

या नदीकाठी फार पूर्वीपासून आदिवासी जमाती राहतात. सरोवराकडे क्लॅमथ, मोडॉक आणि याहूस्किन. मधल्या अंगाला शास्ता आणि कारूक. ट्रिनिटी या उपनदीच्या काठी हूपा आणि मुखाकडे यूरोक. गंमत पाहा, कारूक लोकांच्या भाषेत 'कारूक' म्हणजे नदीच्या वरच्या अंगाला आणि 'युरूक' म्हणजे खालच्या अंगाला. आपण 'वरल्या आळीचे' आणि 'खालल्या आळीचे' म्हणतो तसेच. नदी कुठून कुठे वाहते हे त्यांच्या नावातच सांगितले आहे.

यूरोक लोकांच्या मुलखाचा अभ्यास करून वॉटरमन नावाच्या अभ्यासकाने १९२० मध्ये नकाशांसह एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात वाड्या, खडक, डोह, मासे धरायच्या जागा यांची शेकडो नावे आहेत. सरकारी नकाशावर जिथे नुसती रेघ होती, तिथे या लोकांच्या तोंडी पावलोपावली नाव होते.

या लोकांचे मुख्य अन्न सॅमन मासा. कोकणात आणि ठाणे-पालघरकडे पहिल्या पावसात मासे वलगणीला लागतात, म्हणजे अंडी घालायला प्रवाहाविरुद्ध वर चढतात, ते तुम्ही पाहिले असेल. सॅमनही तसाच. तो जन्मतो ओढ्यात, वाढतो समुद्रात आणि अंडी घालायला पुन्हा नदी चढून आपल्या ओढ्याकडे येतो. वाट अडली की त्याची पिढीच खुंटते.

चुकलेली मोजणी

१८६४ मध्ये सरोवराकडच्या तीन जमातींनी सरकारशी तह केला. फार मोठा मुलूख त्यांनी सोडून दिला आणि सरोवराच्या बाजूचा काही भाग स्वतःसाठी राखून ठेवला. तहात हद्द सांगितली होती ती डोंगरांची शिखरे आणि धारा यांच्या खुणांनी. पुढे सरकारी मोजणीदार आले आणि त्यांनी हद्द चुकीची आखली. १८९६ मध्ये नेमलेल्या आयोगाने मान्य केले की सहा लाख एकरांहून अधिक जमीन चुकून हद्दीबाहेर गेली. जमीन परत मिळाली नाही. १९०१ मध्ये करार झाला आणि सुमारे ५ लाख ३७ हजार डॉलर ठरले, म्हणजे एकराला एक डॉलरसुद्धा नाही. पुढे १९८५ मध्ये त्या भागातल्या शिकारीच्या आणि मासेमारीच्या हक्काचा प्रश्न तिथल्या सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा न्यायालयाने त्या १९०१ च्या कराराकडे बोट दाखवून हक्क नाकारला. बांध सरकला तर एका शेतकऱ्याचे काय होते हे आपण जाणतो. इथे अख्ख्या जमातीचा बांध सरकला.

खालच्या अंगाला यूरोक लोकांचा राखीव मुलूख आखला गेला तो नदीलाच धरून. मुखापासून वर सुमारे ४४ मैल, आणि नदीच्या दोन्ही काठांना एकेक मैल. कागदावर हे सोपे दिसते. पण त्या पट्ट्यात वाहणारे पाणी येत होते पट्ट्याच्या बाहेरून. वर कुणी पाणी अडवले, तापवले किंवा घाण केले, तर यूरोक लोकांच्या हातात काही नव्हते.

एका वर्षी शेत सुकले, दुसऱ्या वर्षी मासे मेले

आता शेतकऱ्यांकडे वळू. १९०५ मध्ये सरकारने नदीच्या माथ्यावर मोठी पाटबंधारे योजना मंजूर केली. पाणथळ जागा आणि दोन सरोवरांचा मोठा भाग कोरडा करून दोन लाखांहून अधिक एकर शेती ओलिताखाली आणली. बटाटा, कांदा, सातू आणि लसूणघास ही तिथली पिके. महायुद्धांतून परतलेल्या सैनिकांना तिथे जमिनी दिल्या. १९४६ मध्ये तर लोणच्याच्या बरणीत चिठ्ठ्या टाकून नावे काढली होती. ज्याची चिठ्ठी निघाली त्याने बायकापोरांसह येऊन रान कसले. सरकारने जमीन दिली आणि पाण्याचा शब्दही दिला. या शेतकऱ्यांना कुणी लुटारू म्हणू नये.

याच्या खाली, नदीच्या मधल्या अंगाला, विजेसाठी चार धरणे झाली. कॉपकोचे पहिले १९१८ मध्ये, दुसरे १९२५ मध्ये, जे. सी. बॉइल १९५८ मध्ये आणि आयर्न गेट १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला. ही धरणे ओलिताची नव्हती, हे ध्यानात ठेवा. पण त्यांनी सॅमनची वाट अडवली. साठलेले पाणी उन्हाळ्यात तापू लागले आणि त्यात विषारी निळे-हिरवे शेवाळ माजू लागले.

२००१ मध्ये दुष्काळ पडला. सरोवरातले मासे आणि नदीतले सॅमन वाचवण्यासाठी कायद्याने पाणी राखावे लागले आणि बहुतेक कालवे बंद झाले. उभी पिके करपली. मे महिन्यात हजारो माणसांनी रांग धरून हातोहात पाण्याच्या बादल्या दिल्या आणि निषेध केला. पुढच्या वर्षी शेतकऱ्यांना पाणी मिळाले. त्याच सप्टेंबरात, २००२ मध्ये, नदीच्या खालच्या अंगाला पाणी कमी आणि कोमट झाले, वर चढणाऱ्या माशांची दाटी झाली आणि कल्ल्यांचा रोग पसरला. अधिकृत अंदाजाप्रमाणे किमान ३४ हजार मासे मेले. यूरोक लोकांच्या दारात, काठाकाठाने, कुजलेल्या माशांचा खच पडला.

सरोवरातल्या माशांचीही तीच गत होती. संख्या घटली म्हणून क्लॅमथ जमातीने १९८६ मध्येच आपली मासेमारी आपण होऊन थांबवली होती. म्हणजे त्याग फक्त एकाच बाजूने केला, असेही नाही.

मला वाटते, इथे दोष एकट्या शेतकऱ्याचा नव्हता आणि एकट्या आदिवासीचाही नव्हता. शेतकऱ्याच्या नकाशात कालवा होता, वीज कंपनीच्या नकाशात धरण होते आणि यूरोक लोकांच्या नकाशात ४४ मैलांचा पट्टा होता. झऱ्यापासून समुद्रापर्यंतची सगळी नदी आणि तिच्यावर जगणारी सगळी माणसे एका कागदावर मांडून निर्णय घ्यायला कुणी बसले नव्हते.

सगळे एका कागदाभोवती

२००२ नंतर बोलणी सुरू झाली. एकमेकांचे तोंड न पाहणारी माणसे एकत्र बसली. फेब्रुवारी २०१० मध्ये शेतकऱ्यांच्या संघटना, काही जमाती, दोन्ही राज्ये आणि वीज कंपनी यांनी करारांवर सह्या केल्या. हूपा जमातीला ते पटले नाही, ती बाहेर राहिली. पाणीवाटपाच्या कराराला तिथल्या संसदेने मंजुरी दिली नाही, म्हणून २०१५ च्या अखेरीस तो बारगळला. पण धरणे काढण्याचा भाग टिकला. कंपनीच्या धरणांचा परवाना २००६ मध्येच संपला होता. नवीन परवान्यासाठी माशांच्या पायऱ्या वगैरे बांधण्यापेक्षा धरणे काढणे स्वस्त पडते, असा हिशेब निघाला. खर्च सुमारे ४५ कोटी डॉलर. काही वीजग्राहकांच्या बिलांतून आणि काही कॅलिफोर्निया राज्याच्या रोख्यांतून.

२०२३ मध्ये एक धरण काढले. जानेवारी २०२४ मध्ये उरलेल्या तिघांची पाणीसाठवण सोडली आणि ऑगस्टअखेर नदी मोकळी वाहू लागली. हे काम अगदी सुरळीत झाले असे नाही. गाळाने नदी काळी झाली, काही हरणे चिखलात रुतून मेली. हॅचरीतून सोडलेली सॅमनची लाखो पिल्ले धरणाच्या बोगद्यातून जाताना मेली. तलावाकाठी घरे बांधून राहिलेल्यांचा तलाव गेला, ते नाराज झाले. दुरुस्तीलाही किंमत पडते.

बुडालेली जमीन वर आली तेव्हा

शेतकऱ्यांनी नीट वाचावा असा भाग पुढे आहे. तलाव रिते झाले आणि सुमारे २,२०० एकर जमीन चिखलासकट उघडी पडली. अशा जमिनीवर पहिल्यांदा काय येते? तण. आपल्याकडे पडीक रानात गाजरगवत येते, तसेच. म्हणून तयारी काही वर्षे आधीपासून चालू होती. आसपासच्या डोंगरांतून देशी गवते, फुलझाडे आणि झुडपे यांचे बी हाताने गोळा केले, रोपवाटिकांत वाढवून त्याचे अब्जावधी दाणे केले. जाती जवळपास शंभर. गाळ उघडा पडताच यूरोक तरुणांच्या टोळ्यांनी ते हाताने फोकले.

याच्या जोडीला ओढ्यांचे काम. जेनी क्रीक, कॅम्प क्रीक असे ओढे पूर्वी नदीला मिळत. तलावामुळे त्यांची तोंडे गाळाने भरली होती. ती मोकळी करून ओढा पुन्हा नदीला जोडला. नुसते धरण फोडून भागत नाही. मासा अंडी घालतो ओढ्यात, तेव्हा ओढ्याचे तोंड कुठे होते हे माहीत असावे लागते. जुने नकाशे, जुनी छायाचित्रे, तळाचे नवीन मोजमाप आणि म्हाताऱ्या माणसांची आठवण, सगळे उपयोगी पडते.

ऑक्टोबर २०२४ मध्ये सॅमन जे. सी. बॉइल धरणाच्या जागेच्याही वर, ऑरेगनमधल्या एका ओढ्यात दिसला. १९१२ नंतर प्रथमच. धरण निघून दोन महिनेही झाले नव्हते! २०२५ च्या शरदात तो आणखी वर, सरोवर ओलांडून त्याच्या मागच्या नद्यांपर्यंत पोहोचला. ती वाट त्याला कुणी शिकवली नव्हती.

जमिनीचाही थोडा हिशेब झाला. कॉपकोच्या वेळी शास्ता लोकांची जमीन सक्तीने घेतली गेली होती. तिथली सुमारे २,८०० एकर त्यांना परत द्यायचे २०२४ मध्ये जाहीर झाले. यूरोक मुलखात ब्लू क्रीक नावाचा थंड पाण्याचा ओढा आहे. उन्हाळ्यात नदी चढणारा सॅमन कोमट पाण्याने थकतो आणि या ओढ्याच्या तोंडाशी विसावा घेतो. त्याच्या परिसरातली लाकूड कंपनीच्या ताब्यातली सुमारे ४७ हजार एकर जमीन टप्प्याटप्प्याने यूरोक जमातीकडे आली, शेवटचा टप्पा २०२५ मध्ये. एवढ्या नदीत कोणता ओढा थंड हे माहीत होते, म्हणून कोणती जमीन आधी सोडवायची हे कळले.

सगळे सुटले आहे असे मात्र समजू नका. २०२१ च्या दुष्काळात माथ्यावरच्या शेतकऱ्यांचे कालवे पुन्हा कोरडे राहिले. तलावातल्या माशांची स्थिती नाजूक आहे. तरी फेब्रुवारी २०२४ मध्ये शेतकऱ्यांची संघटना आणि तीन जमाती यांनी सरकारबरोबर एकत्र काम करण्याचा लेखी समझोता केला. बादल्यांच्या रांगेपासून इथवर यायला तेवीस वर्षे लागली.

आपल्या शिवारात

पाणलोटाच्या कामात आपण 'माथा ते पायथा' म्हणतो. क्लॅमथची गोष्ट हेच सांगते, फक्त त्यात एक भर घालते. माथा ते पायथा पाहताना माथ्यावर कोण राहतो आणि पायथ्याला कोण राहतो, हेही कागदावर यायला हवे.

आपल्याकडे याला कायद्याचा आधारही आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने गावाला सामूहिक वनहक्काचा दावा करता येतो. गडचिरोली जिल्ह्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर असा हक्क मिळाला. या कायद्याच्या नियमांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. गावातल्या वडीलधाऱ्यांचे सांगणे लिहून घेतले, तर तो पुरावा धरला जातो. दावा असो वा नसो, आदिवासी पाडा असो वा बागायती गाव, आपल्या ओढ्याचा नकाशा आपण काढून ठेवावा. कृती अशी:

१. उन्हाळ्यात एक दिवस ठरवून शिवारफेरी काढा आणि ओढ्याच्या माथ्यापासून खाली चालत या. बरोबर पाणी भरणाऱ्या बाया, गुराखी, मासे धरणारे आणि म्हातारी माणसे हवीतच. निव्वळ पुढारी आणि आमच्यासारखे अधिकारी नकोत.

२. चावडीसमोर जमिनीवर राख-चुन्याने आधी ओढा काढा. जमिनीवर काढले की न शिकलेली माणसेही बोलतात आणि चूक दाखवतात. मग ते कागदावर उतरवा.

३. कोणत्या महिन्यापर्यंत कुठे पाणी असते, झरे, डोह, मासे चढण्याच्या जागा, काठ कुठे तुटतो, गाळ कोणत्या उतारावरून येतो, हे सारे दाखवा. देवराई आणि मसणवटा विसरू नका.

४. प्रत्येक जागेचे नाव तिथल्या लोकांच्या बोलीत लिहा. नाव गेले की जागाही विसरते.

५. सरकारी नकाशाशी ताडून पाहा. फरक असेल तर ग्रामसभेत ठराव लिहून ठेवा. आज सोडलेली चूक उद्या हक्काच्या आड येते.

६. कागद गावाच्या हद्दीशी संपवू नका. वरचे गाव आणि खालचे गाव दाखवा आणि त्यांनाही बोलवा.

त्या पाड्यावर मी बदली होण्याआधी पुन्हा गेलो. या वेळी आजी पुढे आणि मी मागे. वर चढून पाहिले तर उघडा उतार त्यांनी सांगितला तिथेच होता. तिथे सलग समपातळी चर आणि अनगड दगडी बांध घेतले, पाड्याने श्रमदानाने बंधाऱ्यातला गाळ उपसला. झरा पूर्वीसारखा काही वाहिला नाही, पण पुढच्या वर्षी होळीपर्यंत हंडा भरत होता. मी नकाशावर पेन्सिलीने तो झरा काढला आणि आजींना त्याचे नाव विचारले. त्यांनी सांगितले, आणि वर म्हणाल्या, "हे पहिल्या दिशीच इचारलं असतं तर?"

बंधू-भगिनींनो, तेवढा प्रश्न पहिल्या दिवशी विचारा. आपल्या ओढ्याचा नकाशा काढलात, तर त्यातल्या डोह-झऱ्यांची नावे मला जरूर कळवा.

कळावे,
आपला,
विस्तार अधिकारी (कृषी)